बंद लाइन

पहाटे चार दहाला मी शिवडीची चावी खोलतो.
फुटपाथवरचं झाकण उचलायचं, टी-दांडा खाली सोडायचा,
नटावर बसला की चोवीस आटे.
मोजून. घाई केली की पाणी पाइपात डोकं आपटतं
आणि लांब कुठेतरी, रे रोडला,
एक म्हातारा सांधा उसवतो.

सतरा वर्षं.
लोक मला नावाने ओळखत नाहीत,
पाणी आलं नाही की ओळखतात.

त्या दिवशी बदली माणूस देऊन
मी भोईवाड्यात, प्रसूतिगृहाच्या जिन्यावर.
मुलगी होऊन बावीस तास झालेले.
पायातल्या पट्टीवर तिचं नाव नाही, नुसतंच
बेबी ऑफ प्रणिता हातिसकर.

डॉक्टर सिक्वेरा बाईंनी नळी लावून ऐकलं.
पुन्हा ऐकलं.
म्हणाल्या, आवाज आहे.
कसला?
वाहण्याचा.

मला गळती ऐकता येते.
रात्री रहदारी निजली की लोखंडी सळई पाइपावर टेकवतो,
दुसरं टोक कानाला. खात्यात त्यासाठी मशीन आलंय,
तरी साहेब मलाच बोलावतात.
मी म्हटलं, मला ऐकवा.
बाई हसल्या नाहीत. नळ्या माझ्या कानांत दिल्या.

मुठीएवढ्या छातीत, ठोक्यामागून ठोका,
आणि प्रत्येक ठोक्याला चिकटलेली
एक बारीक सुस्कार.
शेजारच्या मोरीत कोणी नळ नीट बंद केला नसावा, तशी.

मग त्यांनी केसपेपरच्या पाठीवर नकाशा काढला.
आमच्या नव्या इंजिनियरला असा काढता येत नाही.
पोटात असताना फुप्फुसं म्हणजे
ताबा न मिळालेला टॉवर, त्या म्हणाल्या,
सगळे मजले पाण्याने भरलेले, राहायला कोणी नाही.
तिथे सप्लाय कशाला? म्हणून तीन आडवाटा.
एक यकृताला टाळून जाते.
एक हृदयाच्या वरच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत, झडपेची.
आणि ही तिसरी, दोन मोठ्या नळांना जोडणारी.
तुम्ही ऐकलीत ती.

पहिलं रडू फुटतं, टॉवर उघडतो,
रक्त तिकडे धावतं, फिरून डावीकडे येतं,
डावीकडचा दाब चढतो आणि झडप
आपणहून भिंतीला टेकते.
नॉन-रिटर्न, मी म्हटलं.
तेच.
नाळ कापली की पहिलीला पाणीच उरत नाही.
आणि तिसरी?
तिला वेळ लागतो. दोन दिवस, तीन दिवस.
सध्या उलटी वाहतेय.

चावी कोण फिरवतं?
कोणी नाही, बाई म्हणाल्या. श्वासातल्या हवेने
ती स्वतःच आवळत जाते.

त्या रात्री खुर्चीत बसून मी आटे मोजले.
प्रणिता म्हणाली, झोपा की जरा.
एकतीसपर्यंत गेलो, मग चुकलो.
दुसऱ्या दिवशी सुस्कार होती, पण अरुंद.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी नळ्या
न विचारताच माझ्या हातात दिल्या.

ठोका. ठोका. मध्ये काही नाही.
आयुष्यात पहिल्यांदा
पाणी गेल्याचा मला आनंद झाला.

मग ती नळी? मी विचारलं.
राहते तिथेच. सुकून दोरी होते,
दोन्ही टोकांना बांधलेली, आत काही न वाहणारी.
तुमच्यातही आहे.

आमच्याकडे तिला बंद लाइन म्हणतात.
रस्ता खणताना निघते, गोऱ्या साहेबाच्या काळातली,
कुठल्याच नकाशात नसलेली.
कोणी काढत नाही. माती तिच्याभोवती बसलेली असते.
मी शर्टावरून छाती चाचपली.
चौसष्ट सालची माझी आई, तिची लाइन, अजून आत.

चौथ्या दिवशी कामावर.
झाकण, दांडा, नट.
अठराव्या आट्याला थांबलो.
कोळीवाड्यात कुणाचा तरी नळ खोकला:
आधी हवा येते, मग पाणी.
तिचं उलट झालं होतं.

वरच्या खिडकीतून एक बाई ओरडली,
ओ चावीवाले, आज सहा मिनिटं उशीर!